मी जावयाला घातलेली शपथ

आमचे जावई मल्लेशराव स्वतःच्या लग्नाला पस्तीस मिनिटं उशिरा आले. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. ते मांडवात शिरले तेव्हा माझ्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी निलंगा आगारात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. कोणती गाडी किती वाजता फलाटाला लागणार हे ओरडून सांगायचं आणि तसंच घडवून आणायचं, हे माझं काम. अशा माणसाच्या दारात नवरदेव उशिरा यावा, तेही हाताला काळं ग्रीस लावून! वाटेत बँडवाल्यांचा जनरेटर बंद पडला, म्हणून हे बाशिंगासकट रस्त्यावर उकिडवे बसले आणि तो चालू करूनच उठले.

मांडवाच्या कोपऱ्यात मी गौरम्माला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणालो, "ह्यो माणूस आपल्या पोरीला रडवणार बघ." ते खरं झालं. पण त्या रडण्यात माझा हात किती होता, ते मला सात वर्षांनी कळलं. स्वतःची चूक सांगायची मला सवय नाही, त्यामुळे लिहिताना थोडं इकडंतिकडं होईल.

मल्लेशरावांचं गाव लातूरजवळचं मुरुड. वडील चंद्रप्पा यांचं तिथं किराणा दुकान. शाळेत हा मुलगा वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त असायचा, असं चंद्रप्पाच सांगतात. पाढे येत नव्हते असं नाही. सतराचा पाढा म्हणता म्हणता खिडकीबाहेर काही हललं की पाढा तिथंच राहायचा. दहावीला दोनदा बसले. दुसऱ्यांदा तर भूमितीच्या पेपराला इतिहासाची तयारी करून गेले. घरात सगळे 'वेंधळ्या' म्हणायचे आणि हे हसत ओ द्यायचे. सोळाव्या वर्षी त्यांनी शेजारणीचा जळलेला मिक्सर खोलला आणि दुसऱ्या दिवशी चालू करून तिच्या ओट्यावर ठेवला. मग लातूरला एका मिस्त्रीच्या हाताखाली मोटार वाइंडिंग शिकले आणि मुरुडला बसस्टँडच्या मागं दुकान टाकलं.

त्यांना काम करताना एकदा बघायला पाहिजे. पाण्याच्या मोटारीतलं जळकं तांबं काढून नवी तार भरायला बसले की चार-चार तास मान वर नाही. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरते. एक वेढा कमी नाही की एक जास्त नाही. चालू मोटारीवर पेचकसाचं टोक टेकवून मूठ कानाला लावतात आणि आत काय दुखतंय ते सांगतात. मुरुडच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी भरलेली मोटार महिन्याभरात परत आली, असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि हाच माणूस दूध आणायला म्हणून घरातून निघायचा आणि दोन तासांनी कोणाचा तरी बंद पंखा काखेत मारून परत यायचा. दूध नाही. असे अकरा पंखे घरात जमले होते. न्हाणीघराचं दार घासतंय म्हणून एका रविवारी ते काढलं, ते चौदा महिने भिंतीला टेकून उभं होतं आणि न्हाणीला जुन्या लुगड्याचा पडदा. बायको बोलत असताना मध्येच दुसरं काहीतरी बोलायचे. तिनं सांगितलेलं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायचे, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

माझी लेक शिवानी मुरुडजवळच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. कोणत्या वस्तीवरच्या कोणत्या बाळाचा कोणता डोस कधी, हे तिला तोंडपाठ. घरचंही सगळं तिच्याच डोक्यात. गॅस कधी संपेल, सासऱ्यांची गोळी, पोरीची फी, पाहुण्यांची लग्नं. हळूहळू तिचं नवऱ्याशी बोलणं म्हणजे नुसती यादी झाली. हे केलं का, ते आणलं का, सांगितलं होतं ना. माहेरी आली की ती भिंतीला पाठ टेकून गप्प बसायची. लग्नाआधी ही पोरगी इतकी हसायची की शेजारी विचारायचे, आज काय झालं.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मात्र कहर झाला. शिवानीची लसीकरणाची ड्यूटी होती. माझी नात सृष्टी तेव्हा पाच वर्षांची. तिला बारा वाजता बालवाडीतून आणायचं काम मल्लेशरावांकडे होतं. हे मोटार भरायला बसले ते बसलेच. पोरगी वाट बघून बघून एकटीच निघाली, मोठा रस्ता ओलांडला आणि बसस्टँडवर जाऊन निलंग्याच्या गाडीत बसली. अज्जाकडं, म्हणजे माझ्याकडं, जायचं म्हणाली. कंडक्टर माझ्या ओळखीचा निघाला म्हणून बरं. त्यानं मला फोन केला आणि मी तिला फलाटावर उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी बैठक बोलावली.

आमच्याकडे नवराबायकोचं बिनसलं की बैठक बसते. दोन्हीकडची पाच वडीलधारी माणसं जमतात, दोघांचं ऐकून घेतात आणि चुकलेल्याकडून देवासमोर वदवून घेतात. अशा एकोणीस बैठका मी चालवल्या आहेत. त्यातली सतरा जोडपी नांदतात, हे मी न विचारताही लोकांना ऐकवायचो. त्या दिवशी आमच्या ओसरीवर चंद्रप्पा होते, माझे थोरले चुलतभाऊ मन्मथकाका होते, आणखी दोघं होते आणि पाचवा मी. ताटात बेल आणि विभूती ठेवली. मल्लेशरावांना गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावलं. आम्ही लिंगायत. हे लिंग कायम अंगावर असतं आणि सकाळी आंघोळ करून त्याची पूजा केल्याशिवाय आमच्या दोन्ही घरांत कोणी घास घेत नाही. त्याच्यावर हात ठेवून केलेल्या शपथेच्या पुढं काही नसतं.

"म्हणा," मी म्हणालो, "यापुढं घरचं सांगितलेलं एकबी काम इसरणार न्हाई."

मल्लेशराव माझ्याकडे बघत राहिले. "मामा, इसरणार न्हाई असं कसं म्हणू? इसरतो तवा मला कळतच न्हाई की, इसरून राहिलो म्हणून."

मला तो फाटे फोडण्याचा प्रकार वाटला. "मनात असलं की सगळं ध्यानात राहतंय. मोटारीचे वेढे कसे राहतेत? आं?"

त्यांनी शपथ घेतली. मी वर आणखी सांगून टाकलं की ही मोडली तर शिवानी कायमची माहेरी येईल. ताटातलं एक बेलाचं पान साक्ष म्हणून फडक्यात बांधलं आणि आमच्या देवघरात ठेवलं. सगळ्यांनी माझ्या बैठकीचं कौतुक केलं आणि मी ते हात जोडून घेतलं.

अकराव्या दिवशी ते गॅसची टाकी आणायला विसरले.

आधी अशा वेळी ते कपाळावर हात मारून "विसरलो की!" म्हणायचे. शिवानी चिडायची, दोघांची वादावादी व्हायची आणि संध्याकाळपर्यंत मिटायचं. आता विसरलो म्हणायची सोय राहिली नव्हती. विसरलो म्हणजे देवासमोरची शपथ मोडली, बायको गेली, पोरगी गेली. म्हणून ते म्हणाले, "गाडीच आली न्हाई." गाडी आली होती, शेजारणीनं टाकी घेतली होती. पुढं असंच सुरू झालं. दुकान बंद होतं, फोन लागला नाही, साहेब भेटले नाहीत. ज्या माणसाला सात वर्षांत एक धड खोटं बोलता आलं नव्हतं, तो दर दोन दिवसांनी खोटं बोलायला लागला आणि दर वेळी पकडला जायला लागला. शिवाय घरी जेवेनासे झाले. सकाळी "भूक न्हाई" म्हणून निघायचे, डबा भरलेलाच परत यायचा. बैठक बसवली म्हणून आपल्या हातचं खात नाहीत, असं शिवानीनं मनाशी धरलं.

दिवाळीला ती सृष्टीला घेऊन आली आणि फराळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "अप्पा, इसरणारा नवरा मी चालवून घेतला असता. खोटं बोलणारा न्हाई चालत. दिवाळी झाली की मी वकिलाला भेटणार हाय."

मी म्हणालो, "परत बैठक घेऊ."

"बैठकीनंच झालंय हे," ती म्हणाली. असं माझ्याशी कोणी बोलत नाही. पण पोरीच्या तोंडावरचं बघून मी बैठकीचं नाव परत काढलं नाही.

वकिलाकडे जायच्या आधी तिला कामाच्या प्रशिक्षणासाठी लातूरला जावं लागलं. तिथं एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंचं तासाभराचं बोलणं होतं. मोठ्या माणसांमध्येही एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवता न येण्याचा त्रास असतो, लहानपणापासून असतो आणि बहुतेकांना तो आळस किंवा बेफिकिरी वाटतो, असं त्या सांगत होत्या. एका कामात चार-चार तास बुडून जाणं आणि दुसरं काम दारातून बाहेर पडेपर्यंतही डोक्यात न टिकणं, हे एकाच माणसात असू शकतं. शिवानीनं वहीत लिहायचं थांबवलं. ती मला नंतर म्हणाली, "अप्पा, बाई आमच्याच घरचं सांगून राहिल्या होत्या." भाषण संपल्यावर तिनं बाईंना गाठलं आणि वेळ घेऊनच परत आली. वकील तिनं रद्द केला नव्हता, पुढं ढकलला होता. डॉक्टरांच्या सहा भेटी, आणि त्यानंतर ठरवायचं, असं तिनं मल्लेशरावांना स्पष्ट सांगितलं. ते लगेच तयार झाले. पोरीची शाळा होती म्हणून शिवानी तेवढ्यापुरती मुरुडला गेली.

दर शनिवारी दोघं मुरुडहून लातूरला यायचे आणि मी निलंग्याहून. मला कोणी बोलावलं नव्हतं. माझ्या लेकीचा संसार आत ठरत असताना मी घरी बसणारा माणूस नाही, म्हणून बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसायचो. डॉक्टरबाईंनी सगळी तपासणी केली, चंद्रप्पांना फोन करून शाळेतलं विचारलं, सकाळची एक गोळी सुरू केली आणि मग दोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावलं. मला वाटलं होतं, बाई मल्लेशरावांना चांगलं फैलावर घेतील. पण पहिल्या दिवशी रडत बाहेर आली ती शिवानी. "मी त्यांची बायको हाय का आई, तेच मला कळंना झालं होतं," ती बाकावर बसत म्हणाली. एकच गोष्ट पाच वेळा आठवण करून द्यायची नाही, असं बाईंनी तिला सांगितलं होतं. एकदा सांगायचं, नीट समोर बघून, आणि मग ते काम त्यांचं. बिघडलं तर बिघडू द्यायचं. माझ्या लेकीला हे फार जड गेलं. सगळं सांभाळायची सवय तिला कोणाकडून लागली, हे सांगायला नको.

दुसऱ्या शनिवारचं मला शिवानीनं बाहेर आल्यावर सांगितलं. बाईंनी मल्लेशरावांना विचारलं, "दुकानात तुम्ही काही विसरत नाही. तिथं काय करता?"

"दुकानात मी डोक्यावर भरवसा ठेवतच न्हाई," हे म्हणाले. "तारेच्या टोकाला रंगीत स्लीव्ह घालतो. लाल ह्याची, पिवळी त्याची. डोक्यावर ठेवलं तर मोटार जळंल."

"मग घरी का डोक्यावर भरवसा ठेवता?"

त्या दिवसापासून मल्लेशरावांच्या गाडीच्या किल्लीला स्लीव्हचे तुकडे दिसायला लागले. प्लास्टिकची बारीक नळी, बोटाच्या पेराएवढी. लाल म्हणजे सृष्टीला आणायचं, पिवळी म्हणजे घरचं सामान, हिरवी म्हणजे शिवानीला दिलेली वेळ. काम झालं की ती नळी काढून शिवानीच्या हातात द्यायची. ती त्या एका डब्यात टाकायची. ही युक्ती कोणा डॉक्टरच्या पुस्तकातली नव्हती, माझ्या जावयाच्या धंद्यातली होती, हे मी आता आगारात जाऊन सांगत असतो. सृष्टीला आणायला ते त्यानंतर एकदाही चुकले नाहीत. न्हाणीघराला दार बसलं.

तरीही जेवण सुरू होईना आणि खोटं पूर्ण जाईना. चौथ्या शनिवारी दार उघडलं आणि बाईंनी मला आत बोलावलं. "मल्लेशराव, तुम्ही म्हणालात ते यांना स्वतः सांगणार होतात ना?" त्या म्हणाल्या.

मल्लेशराव जमिनीकडे बघत म्हणाले, "मामा, शपथ घेतली त्याच्या अकराव्या दिवशीच ती मोडली. तवापासून मी पूजा केली न्हाई, घरी मात्र दुकानात करतो म्हणून सांगितलं. लिंग हातावर घ्यायला तोंडच न्हाई मला. आन पूजेबिगर घरात कसं जेवू? म्हणून दुकानावर चहा-पाव खाऊन राहिलो. शिवानीला वाटलं, तिच्यावर राग हाय."

शिवानी तोंडावर पदर घेऊन बसली होती. तिलाही ते त्याच दिवशी कळलं होतं. जूनपासून डिसेंबर, सहा महिने. माझा जावई सहा महिने घरच्या ताटावर बसला नव्हता आणि कारण आमच्या देवघरात फडक्यात बांधून ठेवलेलं होतं.

मला काय वाटायला पाहिजे होतं ते वाटलं नाही. मला राग आला. "मग आधी कामून बोलला न्हाईत?"

"बोलले होते ना," बाई म्हणाल्या. "शपथ घ्यायच्या आधीच." आणि माझ्या जाड भिंगांकडे बघून त्यांनी विचारलं, "काका, शपथ घेतली तर तुमच्या चष्म्याचा नंबर जाईल का?"

मी उठलो आणि मिळेल त्या गाडीनं निलंग्याला आलो. पुढच्या शनिवारी गेलो नाही. आठ दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. मीच घातलेली शपथ मीच मागं घ्यायची? एकोणीस बैठका चालवलेला माणूस मी. नवव्या दिवशी सकाळी पूजा करून, नेहमीप्रमाणे बरोबर साडेनऊला ताटावर बसलो. गौरम्मानं भाकरी वाढली आणि तिथंच बसून म्हणाली, "तुमाला एक दिस पूजा न्हाई घडली तर दिवसभर पाणी गोड लागत न्हाई. त्या लेकराला सहा म्हयने झाले." मी हातातला तुकडा ताटात ठेवला. ताटाला नमस्कार करून उठलो आणि आधी चंद्रप्पांना, मग मन्मथकाकांना फोन लावला. येत्या रविवारी दहाला, तीच पाच माणसं, तीच ओसरी.

सहावी भेट त्याच्या आदल्या शनिवारी झाली. तिथून शिवानी पोरीला घेऊन परस्पर निलंग्याला आली. वकिलाचं काय, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना चौघं हजर. मल्लेशराव मुरुडहून मोटारसायकलवर येणार होते. दहा वाजले, सव्वादहा झाले. गौरम्मा फोन शोधायला लागली, तशी शिवानी म्हणाली, "अव्वा, कोणी फोन करायचा न्हाई. त्यांचं काम हाय, ते येतील." म्हणाली खरी, पण दारातून हलली नाही. साडेदहाला मन्मथकाका गुडघ्यावर हात आपटून म्हणाले, "बघा! आजच्या दिवशीबी! अशा माणसाला मोकळं करायचं?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गाडी लेट हाय काका, रद्द न्हाई. बसा."

दहा पन्नासला मोटारसायकलचा आवाज आला. मल्लेशराव ओसरीवर आले. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. किल्लीला हिरवी नळी. पाचजण त्यांच्याकडे बघत होतो आणि शपथ अजून त्यांच्यावर होती. पंक्चर म्हटलं असतं तर कोणी उलटून विचारलं नसतं. मन्मथकाकांनी तर तोंडात घास दिल्यासारखं विचारलं, "पंक्चर झाली काय?"

"न्हाई काका," ते म्हणाले. "घरून येळेवर निघालो. औश्याच्या अलीकडं एका शेतात मोटार चालू होती, बेअरिंगचा आवाज येऊन राहिला होता. थांबलो. मग तुमी वाट बघताय ते इसरलो. किल्ली हातात घेतली तवा हिरवी नळी दिसली. मी इसरलो होतो, मामा."

चंद्रप्पांनी मान खाली घातली. मी एकोणीस बैठका चालवल्या, पण शपथ डोक्यावर असताना, संसार पणाला लागलेला असताना, सोपं खोटं कोणीतरी हातात ठेवलेलं असताना इतकं सरळ खरं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि तो माझा जावई होता.

दारातून शिवानीनं विचारलं, "बेअरिंग बदललं का मग?"

"हाव. जुनं होतं जवळ, तेच बसवून आलो."

ती हसली. किती वर्षांनी तशी हसली, ते मोजायला मला जमणार नाही.

मी देवघरातून फडकं आणलं आणि पाचजणांसमोर सोडलं. पान वाळून चुरा झालं होतं. "ही शपथ मी घातली, ती मीच मागं घेतो," मी म्हणालो. "इसरणं हा मल्लेशरावांचा गुन्हा न्हवता. गुन्हा म्हणून वदवून घेतलं, ती माझी चूक." मन्मथकाका काहीतरी म्हणणार होते, पण माझ्याकडे बघून थांबले. चंद्रप्पा रडत होते. लेकराला वेंधळ्या म्हणत जन्म गेला, एवढंच ते म्हणाले.

मल्लेशरावांनी साबण लावून हातावरचं ग्रीस काढलं आणि आंघोळ केली. मग आमच्या देवघरात बसून त्यांनी लिंग तळहातावर घेतलं. सृष्टी त्यांच्या गुडघ्याला टेकून बेलाची ताजी पानं एकेक करून देत होती. बराच वेळ लागला. मी घड्याळ बघितलं नाही.

किल्लीवरची हिरवी नळी त्यांनी शिवानीला दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि हुग्गीचं पातेलं उचललं. गव्हाची, गुळाची, आमच्याकडे जावयासाठी करतात तीच. पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसलो. साडेनऊला जेवणारा मी त्या दिवशी बारा वाजता जेवलो. मल्लेशरावांनी तीनदा हुग्गी मागून घेतली आणि तिन्ही वेळा शिवानीनंच वाढली.